यंत्रशाळेतील तत्त्वज्ञ

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१९ साली 'मानवकेंद्री' कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी संशोधनसंस्था काढली व तिची धुरा फेइ-फेइ ली या संगणकशास्त्रज्ञ विदुषीबरोबर जॉन एचेमेंडी या तत्त्वज्ञाकडेही सोपविली. हा योग स्तुत्य खरा. पण तत्त्वज्ञास विचारावयाचे केव्हा, हाच आमचा सवाल आहे. लीबाईंच्याच पुढाकाराने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इमेजनेट' या चित्रसंग्रहात माणसांच्या कित्येक छायाचित्रांना हीन विशेषणे चिकटली होती. ती काढून टाकण्याचे जाहीर होण्यास २०१९ उजाडले. यंत्र घडल्यावर नीती आठवणे म्हणजे वरातीमागून घोडे! यंत्राचा पहिला आराखडा पडतो तेथेच तत्त्वज्ञास 'नको' म्हणण्याचा अधिकार हवा; एरव्ही 'मानव' हा केवळ पाटीवरचा अलंकार ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.