विश्लेषण : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना ‘मेंटॉर’ यादीत मिळतो, वॉर्डात का नाही?

चिंचपोकळी स्थानकाजवळचे कस्तुरबा हे महापालिकेचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय. १८९६ च्या प्लेगचे रुग्ण याच आवारात आले, तेव्हा ते आर्थर रोड हॉस्पिटल होते. २०२० मध्ये करोनाचे सुरुवातीचे संशयितही इथेच आले. धनुर्वात, घटसर्प, रेबीज हे पुस्तकातले आजार मुंबईतले वैद्यकीय विद्यार्थी इथे खाटेवर पाहतात. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. परीक्षेत हे एका ओळीचे उत्तर असते. असा रुग्ण पाहून हॉस्टेलवर परतलेल्या विशीतल्या मुलाने बोलायचे कोणाशी?

मेंटॉर हवा तो इथे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. ऑनलाइन सर्वेक्षणात एमबीबीएसचे २५,५९० विद्यार्थी सहभागी झाले. त्यातील २७.८ टक्के जणांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. सहभाग ऐच्छिक होता, त्यामुळे हा टक्का साऱ्या देशाला जसाच्या तसा लावता येणार नाही. म्हणून तो बाजूला सारण्याजोगाही नाही.

अडचण कुठे?

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, हे शिकवणारे ‘एटकॉम’ आले. विद्यार्थ्याशी कोण बोलणार, हे मात्र बहुधा नोटीस बोर्डावरच्या यादीवर सोडले जाते. यादीतले प्राध्यापक ओपीडी, वॉर्ड आणि लेक्चर सांभाळतात. अनेकदा अंतर्गत गुण आणि हजेरीही त्यांच्याच हाती. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. ती ज्यांच्या सहीवर ठरते त्यांना ‘सर, झोप लागत नाही’ असे कोण सांगेल?

मग सीनियरच मेंटॉर का नकोत? जवळच्याच नायर रुग्णालयात २०१९ मध्ये निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळाचा आरोप वरिष्ठ सहकाऱ्यांवरच होता. सीनियर हवेत, पण दुसऱ्या विभागातले आणि प्रशिक्षण घेतलेले.

काय करता येईल?

मेंटॉर गुण न देणारा असावा. भेटीचा तास वेळापत्रकात असावा आणि प्राध्यापकांच्या कामाच्या तासांत मोजला जावा. जेवणाच्या सुट्टीत उरकलेली भेट मोजू नये. कस्तुरबासारख्या ठिकाणी जाऊन आल्यावर त्याच आठवड्यात अर्धा तास बसणे, एवढ्यापासूनही सुरुवात होऊ शकते.

तोवर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे चोवीस तास, मराठीतही बोलता येते.