मोठं काय, बारीक काय

स्लाइड सुंदर कशी करावी हे शिकवणारे व्हिडिओ हल्ली ढीगभर सापडतात. रंगछटा, थ्रीडी आकृत्या, एकातून दुसऱ्यात विरघळणारी चित्रं, हलते आलेख... आमच्या घरातली तरुण मंडळी ते बघून अशा काही स्लाइड्स करतात की बघत राहावं. मला त्याचं कौतुक आहे (खरंच आहे, तिरकं बोलत नाही). पण या सगळ्या शिकवणीत एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पडद्यावर मोठं काय दिसणार आणि बारीक काय, हे कुणी ठरवलं आणि कशासाठी? माझ्या मते स्लाइडचं डिझाइन म्हणजे मुळात एवढंच. बाकी रंगरंगोटी.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत पुनर्विकासासाठी एक बिल्डर सादरीकरण घेऊन आला होता. काय देखणं होतं म्हणता! जुन्या इमारतीचा फोटो हळूहळू विरत गेला आणि त्याच जागी नवी उंच इमारत उभी राहिली, मग ड्रोनमधून दिसावी तशी बाग, पोहण्याचा तलाव, झाडांखाली बसलेले म्हातारा-म्हातारी. ते दोघं आमच्यासाठीच बसवले असणार! टाळ्या पडल्या. मग मागून एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "जरा ती चौदावी स्लाइड परत लावा हो." त्या स्लाइडवर खाली, करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरांत, चांदणीची खूण करून लिहिलं होतं, की दाखवलेलं क्षेत्रफळ बाल्कनी धरून आहे. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी सगळे जमलो होतो, तोच सगळ्या सादरीकरणात सर्वांत बारीक! यात खोटं काहीच नव्हतं. सगळं पडद्यावर होतं. फक्त दिसत नव्हतं.

तिथे निदान लपवण्याचा हेतू तरी होता. हेतू नसतानाही असं होतं, आणि त्याचं उदाहरण फार दुःखद आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं. आपली कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर दीडेक मिनिटातच बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असताना बोइंगच्या अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून कुणालाही वाटावं, की काळजीचं कारण नाही. खाली मुद्दे, मुद्द्यांत उपमुद्दे, त्यांच्या पोटात आणखी उपमुद्दे. आणि अगदी तळाशी लहान अक्षरांत खरी गोष्ट : ज्या तुकड्यांवर चाचण्या झाल्या होत्या ते ३ घनइंचाचे होते, आणि इथला अंदाज १९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले.

एका स्लाइडमुळे अपघात झाला असं कुणी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती स्लाइड छापली, एडवर्ड टफ्टी यांनी केलेली तिची चिरफाड दिली, आणि तांत्रिक अहवालांची जागा पॉवरपॉइंटने घेतल्याबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवली. मला त्यातलं शीर्षक फार छळतं. "तुकडा चाचणीतल्या तुकड्यांच्या ६४० पट मोठा आहे" एवढं एकच वाक्य वर लिहून खाली दोन चौकोन काढले असते, एक ठिपक्याएवढा आणि एक पडदाभर, तर तो फरक नजरेतून सुटणं अवघड होतं. याला म्हणतात प्रगत तंत्र. त्याला सॉफ्टवेअरसुद्धा लागत नाही.

म्हणून शीर्षकात विषयाचं नाव घालू नये, निष्कर्ष घालावा. "पाऊस" लिहू नका, "घाट ओलांडला की पाऊस तुटतो" असं लिहा, की मुलांचे डोळे आपोआप नकाशात घाट शोधू लागतात.

हलत्या चित्रांना माझा विरोध नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास शांबरिक खरोलिका सुरू केली, तीही काचेवर रंगवलेल्या चित्रांची करामतच होती. चित्र हलायचं ते कथा पुढे सरकायची म्हणून. आताचं ते मॉर्फ घ्या. महाराष्ट्राच्या नकाशातून सह्याद्रीत आणि तिथून कोयनेच्या धरणापाशी एका ओघात नेलं, तर आपण कुठून कुठे आलो हे मुलाला कळतं. फळ्यावर आम्ही नदी उगमापासून काढत यायचो, त्याचाच हा भाऊ. पण तेच मॉर्फ वापरून "आभारी आहोत" गरगरत आलं की डोकं दुखतं.

आता आपल्या लिपीबद्दल, कारण ते बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरं समोर धरून केलेले असतात. "अक्षरांत अंतर वाढवा, भारदस्त दिसतं" हा त्यातला लाडका सल्ला. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दाताच्या फटींसारखा दिसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, तिरपी अक्षरंही आपल्या वळणाची नाहीत, तेव्हा जोर द्यायचा तर जाडी, रंग नाहीतर आकार. मात्रा वर आणि उकार खाली असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. फार जाड टाइप घेतला की लांबून घ आणि ध, म आणि भ सारखेच दिसतात. आणि जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरले तर दुसऱ्याच्या संगणकावर तुमच्या मराठीची कशी खिचडी होते ते अनेकांनी ऐन कार्यक्रमात अनुभवलं असेल!

कार्यक्रमाआधी दहा मिनिटं हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं आणि आपल्याच स्लाइडवरचं सर्वांत बारीक अक्षर वाचून बघावं. वाचता आलं नाही तर ते मोठं करा. मोठं करण्याच्या लायकीचं नसेल तर काढून टाका. आणि मोठंही करायचं नाही, काढायचंही नाही असं वाटलं, तर असं का वाटतंय हे स्वतःला विचारा.