‘एक्सलंट’वर टिक

आपल्याकडे कुठलंही ट्रेनिंग संपलं की एक फॉर्म येतो. ‘आपल्या ज्ञानात कितपत भर पडली?’ पुढे पाच चौकोन. मेसची वेळ झालेली असते. मागून आवाज येतो, “अबे, साऱ्याले एक्सलंट मारून दे नं!” त्यात फॉर्मवर रोल नंबर असला तर विचारूच नका. आणि अहवालात छापलं जातं, ‘विद्यार्थ्यांना मोठा लाभ झाला.’

पण खोटी टिक हा लहान दोष. खरी गोम अशी की प्रामाणिक माणसालाही स्वतःला नीट मोजता येत नाही. सी शिकण्याआधी पोरगं स्वतःला पाचपैकी चार देतं. पॉइंटरपर्यंत पोचलं की आपल्याला काय काय येत नाही ते त्याला कळतं आणि ते तीनवर उतरतं. म्हणजे ट्रेनिंग उत्तम झालं अन् आकडा घसरला! मोजपट्टीच मध्ये बदलली, मग वजाबाकी कशाची करायची?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन माणसाने १९५९ मध्येच चार पायऱ्या सांगितल्या होत्या : आवडलं का, शिकला का, कामात उतरलं का, परिणाम दिसला का. आपण पहिलीवरच बसकण मारतो.

चौथी पायरी पाहायला आपला गडचिरोली जिल्हा पुरे. ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखणं, अगदी जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा. हे काम ३९ गावांत झालं; तुलनेसाठी दुसरी ४७ गावं ठेवली. १९९३ ते ९५ या काळात पहिल्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा दर २५ वर आला. ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. ‘बाई, आता आत्मविश्वास वाटतो का?’ एवढंच विचारून थांबले असते तर हे कळलं नसतं. आणि ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हटलं असतं, त्या वर्षी पीकपाणी बरं होतं!

फॉर्म बंद करा असं मी म्हणत नाही. मागच्या बाकावर ऐकू येत होतं का, वेग झेपला का, हे आम्हीच सांगू शकतो. पण शिकलो किती, ते आम्हाला विचारू नका, सर. ट्रेनिंगच्या आधी एक प्रॅक्टिकल द्या, दोन महिन्यांनी तसंच दुसरं. अर्धी बॅच पुढच्या सेमिस्टरला शिकवा, म्हणजे तुलनेला कुणी उरेल. आणि तपासणारे सर शिकवणाऱ्यांपेक्षा वेगळे असू द्या.