वर्षावासात झाडे लावा, पण जमीन कोणाची ते आधी विचारा

झाडे लावण्याचा विषय निघाला की चळवळीतले काही तरुण तोंड फिरवतात. समोर शिष्यवृत्तीचा, अत्याचारांचा, आरक्षणाचा प्रश्न असताना हे पोटभरल्यांचे काम आपण का करायचे, असा त्यांचा सूर असतो. आम्हाला हे पटत नाही. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली कोण राहते आणि भर दुपारी दुसऱ्याच्या वावरात कोण राबते? गावच्या पाराचा वड कोणत्या बाजूला आहे आणि आपली वस्ती कोणत्या बाजूला, हे एकदा डोळसपणे पाहा. सावलीची वाटणीही जातीनेच केली आहे.

2020 मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडायला सुरुवात झाली. नागरिक रस्त्यावर उतरले, तोड थांबवावी लागली. चांगलेच झाले. पण त्या झाडांमागे गांधीजींच्या काळाची पुण्याई होती. आपल्या वस्तीतला कडुनिंब नालीच्या कामात गेला तर त्याची बातमी होत नाही. कारण तिथे झाडाच्या बाजूने बोलणारी संघटित माणसेच नसतात, आणि तो दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

हा विषय आपल्याला बाहेरून आलेलाही नाही. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात रस्त्याकाठी विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे सांगितले आहे, तेही माणसांसाठी आणि जनावरांसाठी. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात झाडे लावणाऱ्याचे आणि पाण्याची सोय करणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे म्हटले आहे. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणणारे भदन्त आनंद कौसल्यायन तर अनेक वर्षे वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत काम करत होते. अशोकाने झाड आणि विहीर एका दमात सांगितली, हे विसरू नका. ज्या वस्तीत नळाला पाणी नाही तिथे रोप खोचून फोटो काढणे ही त्या रोपाची हत्याच आहे. महाडचा वारसा सांगणाऱ्यांनी आधी पाण्याचे भांडण लढावे, खड्डे त्यासोबत खोदावेत.

सरकारी वृक्षलागवडीकडे आपण जास्त सावधपणे पाहिले पाहिजे. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडांचे लक्ष्य होते. त्यातली किती जगली यावर इतके प्रश्न उठले की पुढच्या सरकारने चौकशी जाहीर केली. आम्हाला त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा वाटतो. एवढी झाडे लावायला मोकळी जागा कुठली? कागदावर मोकळे दिसते ते गायरान. प्रत्यक्षात त्याच गायरानावर आपले भूमिहीन बांधव दोन-दोन पिढ्या तूर-ज्वारी पिकवतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते याच जमिनीच्या हक्कासाठी. 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय झाला, तरी असंख्य कुटुंबांच्या हाती सातबारा आलेला नाही. अशा वावरात कोणी रोपांची गाडी घेऊन आले तर ते पर्यावरण नव्हे, बेदखली आहे. त्या दिवशी कार्यकर्त्याची जागा कसणाऱ्याच्या बाजूला असली पाहिजे, हातात रोप घेऊन फोटोत नव्हे.

मग लावायचे कुठे? विहाराचे आवार, वस्तीचा रस्ता, आपली स्मशानभूमी, अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा. बहुतेक गावांत आपल्या स्मशानभूमीच्या वाटेवर उन्हात उभे राहायला एक झाड नसते. ग्रामसभेत ठराव मांडा, लागवडीचे आणि जगवण्याचे काम रोजगार हमीतून मागा, म्हणजे वस्तीतल्या बायांना मजुरी मिळेल. फुकट श्रमदान आपल्याच लोकांच्या वाट्याला का यावे?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते, माणसे जमतात. त्याच दिवशी लागवड करा. पिंपळ विहाराच्या भिंतीला खेटून लावू नका, मुळे पाया उचलतात. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ आपल्या काळ्या मातीत चांगले धरतात. दारापुढे शेवगा लावला तर भाजीही होते. पावसाळ्यात पाण्याची चिंता नसते, शेळ्यांची असते, म्हणून बाभळीच्या काट्यांचे कुंपण त्याच दिवशी करा. खरी परीक्षा होळीनंतर मृगापर्यंत. बुडाशी छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घातलेले जुने मडके रोपाजवळ पुरले की थोड्या पाण्यात काम भागते.

विहारात एक वही ठेवा. कोणते झाड कोणत्या घराकडे, ते तिच्यात लिहा आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर मोठ्याने वाचा. मेलेल्या झाडाचीही नोंद ठेवा, कशाने मेले तेही लिहा, आणि पुढच्या आषाढीला त्याच खड्ड्यात दुसरे लावा.