शाळेची भिंत कोणाची?

जिल्हा परिषदेच्या शाळांतून ‘बोलक्या भिंती’ रंगविण्याची चाल आतां चांगलीच रुजली आहे. मुळाक्षरें, नकाशे, थोर पुरुषांच्या तसबिरी आणि सुविचार यांनीं भिंती भरून जातात. आणि एकदां रंग वाळला, कीं तिकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच वाक्य घोकणाऱ्या भिंतीस बोलकी म्हणावें कीं पोपटपंची करणारी, याचा निर्णय आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, शाळेची रस्त्याकडील भिंत गांवाच्या हातीं द्यावी, आणि गांवकऱ्यांनीं केलेलीं चित्रें व कामें तिच्यावर पाळीपाळीनें मांडून दर सत्रास बदलावीं. यावरचे आक्षेप ठरलेले आहेत: उन्हापावसांत कला नासेल, पैसा फुकट जाईल, आणि अडाण्यांच्या रेघोट्यांनीं मुलांची अभिरुचि बिघडेल.

पहिल्याचें उत्तर पालघरकडील वारली सुवासिनींनीं केव्हांच दिलें आहे. लग्नासाठीं गेरूनें सारविलेल्या कुडावर त्या तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. तो कायम टिकावा अशी अपेक्षाच नसते. पुढच्या लग्नास हात पुन्हा चालतो, म्हणूनच विद्या जिवंत राहते. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत दीडशें वर्षें रिकाम्या राहिलेल्या चौथऱ्यावरहि १९९९ पासून एकामागून एक निराळीं शिल्पें मांडिलीं जात आहेत. आणि खर्च म्हणाल, तर गेरू, पीठ व वर छपराची एक पाखी हीं तैलरंगाहून खचित जड नाहींत.

अभिरुचीचा आक्षेप सर्वांत शिष्ट, म्हणूनच सर्वांत घातक. हीच चित्रें विधीबाहेर आणून कागदावर उतरविणाऱ्या जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. रेघोट्या दिल्लीस मान्य झाल्या. शाळेच्या भिंतीवर मात्र त्यांची नक्कल पुष्कळदां कंत्राटी रंगारीच काढतो, आणि जिच्या बोटांत मूळ विद्या आहे ती विद्यार्थ्याची आई फाटकाबाहेर उभी राहते. घरीं येतें तें ज्ञान नव्हे, हा धडा तें मूल पुस्तक उघडण्यापूर्वींच शिकतें. तिचें काम एक सत्र त्या भिंतीवर राहूं द्या, खालीं तिचें नांव लिहा. मग कुंभाराचें, बुरुडाचें, गोधडी शिवणाऱ्या आजीचें. भिंत बदलते म्हणून पोरें पाहतील, आपलें माणूस दिसतें म्हणून थांबतील.

गांवाचे हात दाखविण्याची ज्या शाळेस लाज वाटते, तिनें श्रमप्रतिष्ठेचा सुविचार तरी आपल्या भिंतीवरून पुसून टाकावा!