झाडांचा हिशेब होतो, बियांचा कोण करणार?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या नकाशावर उत्तर-दक्षिण रेघा वाढत चालल्या आहेत. पश्चिम रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ जुनेच. त्यांच्या जोडीला मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. अशा प्रकल्पांत झाडे किती तोडली आणि त्याबदल्यात किती लावली, याचा हिशेब होतो. पण जंगलाचे तुकडे पडल्यावर उरलेल्या झाडांचे बी कोण वाहून नेणार?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आईझाडाखालीच पडलेल्या बिया बहुधा वाढत नाहीत. तिथे सावली असते, दाटी असते आणि त्याच जातीवर जगणाऱ्या किडी व बुरशीही असतात. म्हणूनच जांभूळ, उंबर, टेंभुर्णी यांसारखी झाडे फळांचा गर देऊन प्राण्यांकडून वाहतूक करून घेतात.

जंगल तुटल्याचा फटका या वाहकांना सारखा बसत नाही. उदमांजर फळे गिळते आणि विष्ठेतून बिया दूर टाकते. पण त्याला जमिनीवरून जावे लागते आणि रुंद रस्ता त्याच्या जिवावर बेततो. राखी धनेश उडू शकतो, मात्र त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून अंडी उबवते. मोठी झाडे गेली की घरटे गेले. फळे खाणारी वटवाघळे मात्र मोकळ्या शेतांवरूनही जातात आणि उडतानाच वडा-उंबराच्या बारीक बिया टाकतात. मोहाच्या मोठ्या बियाही तीच दूर नेतात.

पण याच वटवाघळांची गणना कायद्याने अनेक वर्षे उंदीर-कावळ्यांसोबत ‘उपद्रवी’ प्राण्यांत केली होती. वन्यजीव कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. तरीही फळबागांत त्यांच्याकडे आजही चोर म्हणूनच पाहिले जाते. चिकूच्या या पट्ट्यात बागायतदाराचे नुकसान खरे आहे. पण रानात बी पेरण्याचे कामही तीच वटवाघळे करतात.

वाहक कमी झाले म्हणून जंगल लगेच उजाड दिसत नाही. ऐन, धावडा यांचे बी वाऱ्यावर जाते, ती झाडे टिकतात. फळझाडांची जुनी खोडेही उभी असतात. त्यांच्या खाली नवी रोपे मात्र कमी होत जातात. मोहाची फुले आणि बियांचे तेल यांवर विसंबणाऱ्या आदिवासी कुटुंबांना ही तूट एका पिढीनंतर कळेल. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पक्षी व सस्तन प्राणी घटल्यामुळे हवामानबदलाबरोबर योग्य ठिकाणी सरकण्याची वनस्पतींची क्षमता जगभरात सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली आहे.

केंद्राने १९९१ मध्येच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. त्या निर्णयाचा अर्थ केवळ कारखाने रोखणे एवढाच घेऊन चालणार नाही. भरपाईच्या लागवडीत स्थानिक फळझाडे हवीत, शेताच्या बांधावरचे जुने वड-उंबर राखायला हवेत आणि रस्त्यांखाली प्राण्यांना जाण्यायोग्य, झुडपांचा आडोसा असलेले मार्ग हवेत. रोपे खड्ड्यात लावता येतात. पण त्यांचे बी पुढच्या टेकडीवर नेणारे प्राणी रोपवाटिकेत तयार होत नाहीत.