हैती गरीब का? धर्मामुळे?

परवा वर्गात जगाचा नकाशा लावला होता. हैतीवर बोट ठेवून एका मुलाने विचारलं, "सर, हे लोक जादूटोणा मानतात म्हणून गरीब आहेत ना?" कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं. २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतले धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन हेच बोलले होते: यांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केला!

खरा करार फ्रान्सशी झाला. गुलामांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. त्या नुकसानीत गुलाम माणसांची किंमतही धरलेली! म्हणजे सुटलेल्यांनीच स्वतःची किंमत मोजायची. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यापायी काढलेली कर्जं १९४७ पर्यंत फिटत होती. शाळा, रस्ते कशातून बांधणार?

धर्माचा काहीच दोष नाही, असं मी म्हणत नाही. हुकूमशहा दुवालिए यांनी वूडूची भीती खुर्ची टिकवायला वापरली, हेही मुलांना सांगितलं. पण तो गादीवर आला १९५७ मध्ये. गरिबी त्याच्या कितीतरी आधीची.

त्या मुलाने फळ्यावर वजाबाकी केली. १२२ वर्षं. मग म्हणाला, "सर, व्याज किती झालं असेल?"